'गोतावळा' हा शब्द आणि शब्दार्थसूचीची सवय

मराठी कादंबरीवरील प्रबंध चाळताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण, आशयसूत्रे यांची प्रकरणे होऊन गेल्यावर, बहुधा शेवटून दुसऱ्या क्रमांकावर, 'भाषाशैली' या नावाचे प्रकरण येते. त्यात म्हणींची एक यादी असते, वाक्प्रचारांची एक असते, शिव्यांची थोड्या संकोचाने दिलेली एक असते. आणि कादंबरी ग्रामीण असेल तर बोलीतील शब्द व त्यांचे प्रमाण मराठीतील अर्थ असे दोन रकाने असतात. या मांडणीत एक गृहीतक दडलेले आहे. कादंबरीचा आशय आधीच सिद्ध झालेला असतो आणि भाषा त्यावर नंतर अंगरखा म्हणून चढवली जाते, असे ते गृहीतक. बोली हा तर या अंगरख्यावरचा केवळ जरीकाठ; त्याने 'प्रादेशिक रंग' येतो, 'वातावरणनिर्मिती' होते, आणि काम संपते.

प्रस्तुत लेखाचा वाद या गृहीतकाशी आहे. कादंबरीकाराने कोणता शब्द उचलला आणि त्याच्या शेजारचे कोणते शब्द बाजूला ठेवले, हे पाहिल्यावाचून आशयाचे प्रकरण लिहिताच येत नाही, असे माझे मत आहे. हे मत नवे नाही. कुंतकाने 'वक्रोक्तिजीवित'मध्ये पर्यायवक्रतेचा विचार केला तेव्हा तो हेच पाहत होता: एकाच वस्तूला अनेक नावे उपलब्ध असता कवी त्यांतले नेमके एकच नाव का घेतो? विसाव्या शतकात रोमान याकबसन यांनी निवडीच्या अक्षाची कल्पना मांडली, ती या प्रश्नाला फारशी परकी नाही. आपल्या वर्गांत या दोघांचीही नावे घेतली जातात, टिपणेही उतरवून घेतली जातात. कादंबरीचे पुस्तक उघडले की मात्र आपण पुन्हा त्या दोन रकान्यांकडे वळतो.

उदाहरण म्हणून आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातीलच एक कादंबरी घेऊ. आनंद यादव यांची 'गोतावळा' १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. नारबा हा शेतावर राबणारा गडी. मालकाच्या शेतावरील जनावरे, पाखरे, झाडे यांच्या सहवासात त्याचे आयुष्य गेले आहे. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरांची गरज संपते. कथानक एवढेच आहे. यंत्रयुगाच्या आगमनाने ग्रामीण जीवनाची झालेली पडझड, असे तिचे आशयसूत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिले जाते आणि त्यावर गुणही मिळतात. पण हे सूत्र वृत्तपत्राच्या अग्रलेखालाही लागू पडेल. या कादंबरीचे स्वतःचे म्हणणे काय, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी मुखपृष्ठावरील शब्दापाशी थांबावे लागते.

शब्दार्थसूचीत 'गोतावळा = नातलगांचा समूह' असे लिहिलेले सापडते. अर्थ चुकीचा नाही. परंतु नातलगांच्या समूहाला मराठीत शब्दांचा तोटा नव्हता. कुटुंब, परिवार, घराणे, सगेसोयरे, भाऊबंद, गणगोत यांपैकी कोणताही शब्द लेखकाला घेता आला असता. ते एकेक करून नारबाच्या अंगावर घालून पाहावेत. 'कुटुंब' हा शब्द जुन्या मराठीत थेट बायकोसाठीही वापरला जाई. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' असे म्हणणारे गृहस्थ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. नारबाचे लग्न झालेले नाही. तेव्हा कुटुंब गेले. सोयरे सोयरिकीने होतात. लग्नच नाही तर सोयरीक कोठली? भाऊबंद जन्माने होतात हे खरे, पण आपल्या भागात भाऊबंदकी दिसते ती बांधावर. वाटणीला जमीन असणाऱ्याला भाऊबंद असतात. नारबा दुसऱ्याच्या मातीत राबणारा गडी आहे. 'घराणे' हा शब्द तर त्याच्या बाबतीत उच्चारणेही क्रूर ठरेल.

उरतो तो 'गोत'. त्याला लग्नाची अट नाही, सातबाऱ्याची नाही. आणि 'गोतावळा' या शब्दाचा उत्तरार्ध पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. वंशावळ, नामावळ, जेवणावळ यांतील 'आवळ' म्हणजे ओळ, रांग. वंशावळीची रांग वरून खाली उतरते, बापापासून मुलाकडे. गोतावळ्याची रांग माणसाच्या भोवती पसरते. ज्याच्या मागे वंश नाही आणि पुढेही असण्याची शक्यता नाही, अशा माणसाला भोवती पसरणारी रांग तेवढी मिळू शकते. तीच त्याला मिळाली आहे, फक्त ती माणसांची नाही. जमीन, लग्न आणि वारसा या तिन्ही वाटांनी नाते नाकारले गेलेला माणूस चौथ्या वाटेने नाते जोडतो, आणि ट्रॅक्टर नेमकी तीच वाट नांगरून टाकतो, हे या कादंबरीचे म्हणणे आहे. 'यंत्रयुगाचे आगमन' या शब्दप्रयोगात त्यातले काहीही मावत नाही. यंत्र आल्याने मालकाच्या गोठ्यातील जनावरे कमी झाली. नारबाची माणसे गेली. एकाच घटनेची ही दोन वाक्ये आहेत, आणि कादंबरीने त्यांतले दुसरे वाक्य शीर्षकातच निवडून ठेवले आहे.

'गोत' हा मूळचा 'गोत्र'. आणि वैदिक भाषेत गोत्र म्हणजे गाईंचे आवार, गोठा. तेथून तो शब्द कुळापर्यंत आला. यादवांच्या मनात शीर्षक ठेवताना ही व्युत्पत्ती होती असा दावा मी करणार नाही आणि करण्याची गरजही नाही. शब्दाचा प्रवास गोठ्यापासून कुळाकडे झाला, नारबा कुळ शोधत गोठ्याशी परत येतो, एवढे नोंदवून पुढे जाऊ. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण शीर्षक वाचताना कोणाही मराठी वाचकाच्या कानामागे वाजत असते, तीही यात धरावी. 'परिवार' या शब्दामागे अशी कोणतीही म्हण उभी नाही.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो मी चर्चासत्रांतून ऐकलेला आहे. बोलीत लिहिणारा लेखक निवड कसली करणार? तो बोलतो तसे लिहितो. निवड प्रमाण भाषेतल्या लेखकाने करायची असते. हा आक्षेप वरवर साधा वाटला तरी त्यात एक जुना उच्चनीचभाव आहे. शहरी लेखकाची भाषा ही त्याची कला आणि खेड्यातल्या लेखकाची भाषा हा त्याचा स्वभाव, असे मानण्यासारखे ते आहे. यादव मराठीचे पदवीधर, विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक. प्रमाण मराठीत त्यांनी विपुल लेखन केले, समीक्षाही लिहिली. अशा लेखकाने एक अख्खी कादंबरी, संवादच नव्हे तर निवेदनही, न शिकलेल्या गड्याच्या तोंडी दिले, तर तो निर्णय आहे. आणि निर्णयाची खूण म्हणून त्यांचीच 'झोंबी' (१९८७) शेजारी ठेवावी. या आत्मचरित्रात्मक कादंबरीत शाळेसाठी बापाशी, दारिद्र्याशी भांडणारा मुलगा आपली हकीगत सांगतो. तेथे निवेदनाची भाषा प्रमाण मराठीकडे झुकलेली आहे. बोली मुख्यतः घरच्या माणसांच्या बोलण्यात राहिली आहे. नारबा शाळेत गेला नाही, म्हणून त्याची सारी कादंबरी त्याच्या बोलीत. हा मुलगा शाळेत गेला, म्हणून त्याला आपल्या आईबापाची भाषा अवतरणचिन्हांत ठेवावी लागली. शिक्षणाने काय दिले आणि काय घेतले, हे तेथे स्वतंत्र विधान करून सांगावे लागत नाही. निवेदन आणि संवाद यांच्यामधल्या फटीतून ते दिसते. मी तर म्हणेन की 'झोंबी'तला सर्वांत दुखरा भाग या फटीत आहे. शीर्षकाचा शब्दही तसाच दुहेरी. कोल्हापुरच्या मातीत झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. आणि मिरची, वारा, बोल हेही माणसाला झोंबतातच. 'संघर्ष' या शब्दाने यातला फक्त पहिला अर्थ दिला असता, आणि तोही सभेतल्या भाषणासारखा.

निवेदकाच्या हाती कोणते शब्द आहेत यावर काय काय अवलंबून असते, हे पाहायचे तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आठवावी. तिचा निवेदक बाहेरून वाडीत आलेला शाळामास्तर आहे. त्याचे निवेदन प्रमाण मराठीत, संयत, नितळ. त्यामुळे धनगरांची वाडी आपल्याला दिसते, फार सुंदर दिसते, पण ती मास्तराच्या नजरेतून. दुष्काळात वाडी उठून जाते तेव्हा आपण मास्तराबरोबर मागे उभे असतो. हा त्या कादंबरीचा दोष नव्हे. तिचा तोच विषय आहे. 'गोतावळा'त मात्र मागे उभे राहायला कोणी मास्तर नाही. ट्रॅक्टर मळ्यात येतो तो नारबाच्या शब्दांच्या जगात येतो, आणि त्या जगात त्याला नाव नाही. बैलाला बोलीत किती शब्द आहेत ते मोजून पाहावे: वयाचे, रंगाचे, शिंगांचे, खोडींचे, हाक मारायचे, शिवी द्यायचे, लाडाचे. त्याच्यावर म्हणी आहेत, त्याचा बेंदूर आहे. ट्रॅक्टरला केवळ एक परका शब्द आहे, कोणत्याही उच्चारात घ्या. त्याला हाक मारता येत नाही, त्याची म्हण नाही, त्याला भाऊ नाही. सगळे शब्द एकमेकांचे गोत असलेल्या भाषेत एक शब्द विनागोत्र येऊन बसतो आणि बाकीच्यांना हुसकून लावतो. यंत्राविषयी एकही निषेधाचे वाक्य न लिहिता हे साधते.

आज बेंदराला आणि खंडेनवमीला ट्रॅक्टरलाही हार घातला जातो, मागील बाजूस देवाचे नि पोरांचे नाव रंगवले जाते, हे खरे. पन्नास वर्षांत बोलीने त्या शब्दाला घरात घेतले. म्हणून तर 'गोतावळा' शिकवताना आजच्या विद्यार्थ्याला तो शब्द तेव्हा किती उपरा होता, हे मुद्दाम सांगावे लागते. शब्दार्थसूचीत ज्या शब्दाचा अर्थ द्यायची गरज कोणालाच वाटत नाही, तोच या कादंबरीतला सर्वांत परका शब्द आहे.

उलट टोकाची अडचण शंकर पाटील यांच्या 'टारफुला'ची (१९६४). पाटलांचे पट्टणकोडोली आमच्या हातकणंगले तालुक्यातलेच. कबनूरहून दूर नाही. तरीही वर्गात 'टारफुला म्हणजे काय?' असे विचारले तर बहुतेक माना खाली जातात. ज्यांच्या घरात दोन पिढ्या माग चालले, त्यांनी ज्वारीच्या शेतात पाऊल कशाला टाकले असेल? तेव्हा आपण अर्थ देतो: 'ज्वारीच्या पिकात उगवणारे एक प्रकारचे तण.' मुले लिहून घेतात. या अर्थाने कादंबरी जवळजवळ बंद होते. कारण तणे पुष्कळ आहेत, आणि लेखकाने हरळी घेतलेली नाही, लव्हाळा घेतलेला नाही.

टारफुला इतर तणांसारखा पिकाच्या शेजारी उभा राहून खात नाही. तो ज्वारीच्या मुळाला जमिनीखाली चिकटतो आणि तिचा रस ओढतो. मातीवर तो दिसू लागतो तेव्हा पुष्कळसे नुकसान होऊन गेलेले असते. दिसतोही कसा, तर हिरवागार, इवल्या फुलांचा; परोपजीवी असल्याचा संशयही येऊ नये असा. फुलावर आलेला उपटला तरी त्या हंगामाचे पीक सावरत नाही. त्याचे बी धुळीसारखे बारीक. एकेका झाडाचे हजारोंनी, आणि ते वर्षानुवर्षे मातीत जिवंत राहते, ज्वारीचे मूळ जवळ आले की जागे होते. एवढे सांगून मग कादंबरी वाचायला घ्यावी. दरारा असलेल्या पाटलाच्या मृत्यूनंतर गावात सत्तेसाठी जी माणसे वर येतात, ती कोठून तरी बाहेरून आलेली नाहीत. गावाच्या मुळाशी ती आधीपासूनच चिकटलेली आहेत. एकाला उपटून काही होत नाही. हे निदान कोणत्याही पात्राच्या तोंडी घालावे लागले नाही, कारण शेतकऱ्याला ते नावातच मिळत होते. हा शब्द ज्या वाचकाच्या ओळखीचा होता त्याने 'टारफुला' एका तऱ्हेने वाचली, आणि आपण ती दुसऱ्याच तऱ्हेने शिकवत आहोत. राजन गवस यांच्या 'तणकट'चे (१९९८) शीर्षकही शेतातूनच आले आहे. परंतु तणकट हा समूहवाचक शब्द आहे, टारफुल्यासारखा एका जातीच्या तणाचा नव्हे. चौतीस वर्षांच्या अंतराने याच जिल्ह्यातले दोन कादंबरीकार गावगाड्यावर लिहिताना तणाकडे वळतात, आणि एकाला विशिष्ट नाव पुरते, दुसऱ्याला सरसकट नाव लागते. या फरकावर कोणी विद्यार्थ्याने काम करावे, असे मला फार दिवसांपासून वाटते.

आतापर्यंतची उदाहरणे ग्रामीण कादंबरीतली झाली, म्हणून हा प्रश्न बोलीपुरताच आहे असे कोणी समजू नये. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द किती वेळा येतात याची थट्टाही झाली आणि नक्कलही झाली. नक्कल करणाऱ्यांना त्यात तऱ्हेवाईकपणा तेवढा दिसला. पण 'उदाहरणार्थ' हा शब्द मुळात कोठला? तो उत्तरपत्रिकेतला. आधी सिद्धान्त लिहायचा, मग 'उदाहरणार्थ' म्हणून त्याला दाखला द्यायचा. पांडुरंग सांगवीकर परीक्षा देत वाढलेला मुलगा आहे. तो आयुष्याचे दाखले देत जातो आणि त्यांच्या आधी यायला हवा तो सिद्धान्त त्याला कधीच सापडत नाही. 'वगैरे'चेही तसेच: यादी पुढे चालू आहे असे तो शब्द सांगतो, पण पुढे काही नसते. आधी काही नसलेले 'उदाहरणार्थ' आणि नंतर काही नसलेले 'वगैरे', यांच्या मधोमध हा तरुण उभा आहे. अस्तित्ववाद, परात्मता, निरर्थकता हे शब्द आपण 'कोसला'वर पुष्कळ उधळले. कादंबरीने स्वतः दोन अगदी कारकुनी शब्दांत ते काम उरकले होते, आणि भाषाशैलीच्या प्रकरणात आपण त्यांना 'लकब' म्हणून मोकळे झालो.

प्रश्नपत्रिकेचीही यात थोडी जबाबदारी आहे. 'अमुक कादंबरीतील बोलीभाषेचा वापर सोदाहरण स्पष्ट करा' या प्रश्नाला यादीवाचून दुसरे उत्तर येणारच नाही. त्याऐवजी 'या कादंबरीचे नाव "परिवार" असते तर कोणता भाग वेगळा वाचावा लागला असता?' असे विचारून पाहावे. नापास होणारेही काहीतरी लिहितील, आणि जे लिहितील ते मार्गदर्शिकेत सापडणार नाही. प्रबंधातही दोन रकान्यांना तिसरा जोडता येईल: घेतलेला शब्द, त्याचा अर्थ, आणि न घेतलेले शब्द. विशेषतः क्रियापदे तपासावीत. बोलीत जनावर 'मरतं' आणि माणूस 'जातो'. जनावर 'विकलं' जातं आणि लेक 'दिली' जाते. ज्या कादंबरीत माणूस आणि जनावर एकाच गोतात आहेत, तिथे कोणत्या क्रियापदाने कोणत्या बाजूची हद्द ओलांडली, याची पानोपान नोंद हा एका लघुप्रबंधाचा विषय आहे. नामांची यादी करणारे बहुधा क्रियापदांकडे पाहतच नाहीत, कारण ती 'बोलीतील' वाटत नाहीत.

आणि जाता जाता आमच्या भागाविषयी. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. तो खडखडाट पुढे कबनुरापर्यंत येऊन घराघरात शिरला. माझ्या वर्गातील पुष्कळ मुलांना टारफुला ठाऊक नाही, पण कांडी, बीम, सायझिंग, वहिफणी, जॉबर, दिवाणजी हे शब्द त्यांच्या जेवणाच्या ताटापर्यंत येतात. यांतली 'कांडी' आणि 'फणी' हातमागावरून आलेली, 'बीम' आणि 'सायझिंग' यंत्राबरोबर आलेली, 'दिवाणजी' पेढीवरून आलेला. कोणत्या कामाचे नाव जुने राहिले आणि कोणत्याचे बदलले, ते काम बाई करते की गडी, मालक कोणता शब्द वापरतो आणि कामगार कोणता, हे सारे त्या मुलांना न शिकवता येते. नारबाला ट्रॅक्टर परका होता. या मुलांचा जन्मच मागाच्या आवाजात झाला. त्यांच्या बोलीत यंत्राला हाक मारायचे शब्द आहेत की नाहीत, असतील तर ते कोठून उचलले, बैलाकडून की माणसाकडून, हे त्यांनी घरी कान देऊन टिपून आणावे. त्यानंतर 'गोतावळा' वर्गात उघडावी.